कुतूहलाची जोखीम कोणाची?

दहावीचा निकाल लागला की ‘ज्याची आवड आहे तेच शिका’ असा उपदेश आम्ही शिक्षक मंडळी करतो. आधाराला रिचर्ड फाइनमन यांच्या ‘शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!’ (१९८५) या आठवणींच्या पुस्तकातील थाळीची गोष्ट असते. पुस्तक अतिशय वाचनीय आहे. पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, ही आमची तक्रार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फाइनमन अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते. संशोधनात मन लागेना. एकदा उपाहारगृहात कोणीतरी थाळी हवेत भिरकावली. ती डगमगत होती आणि तिच्यावरील विद्यापीठाची मुद्रा फिरताना दिसत होती. या दोन गतींचे नाते काय, हे त्यांनी केवळ गंमत म्हणून गणिताने शोधले. याचा उपयोग काय, असे हान्स बेथे यांनी विचारले. काहीच नाही, असे त्यांचे उत्तर होते. याच खेळातून आपण इलेक्ट्रॉनच्या जुन्या प्रश्नांकडे परतलो, असे ते सांगतात. त्या कामाबद्दल १९६५ साली त्यांना तोमोनागा व श्विंगर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

गाळला जाणारा भाग याच प्रकरणात आहे. थाळीच्या आधी प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट विल्सन यांनी फाइनमनना धीर दिला होता : प्राध्यापक नेमण्याची जोखीम आमची, तुम्ही काळजी करू नका. म्हणजे खेळण्याची मोकळीक मिळाली ती पगार चालू असताना आणि १९४२ मध्येच डॉक्टरेट झालेल्या माणसाला. शेतमजुराच्या मुलीला आम्ही तोच सल्ला देतो, तेव्हा जोखीम तिच्या घरावर पडते.

मग कुतूहल ही सुखवस्तूंचीच चैन समजायची काय? मुळीच नाही. याच पुस्तकात मंदीच्या काळात रेडिओ दुरुस्त करणारा शाळकरी फाइनमन भेटतो. कर्कश आवाज करणाऱ्या रेडिओला हात न लावता तो येरझारा घालत विचार करतो, मग व्हॉल्व्हची अदलाबदल करतो आणि रेडिओ सुधारतो. इथे कुतूहल, हातचे कौशल्य आणि चार पैसे एकत्र आले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट आधी सांगायला हवी.

थाळीच्या गोष्टीत एक चूकही आहे. मुद्रा डगमगण्याच्या दुप्पट वेगाने फिरते, असे फाइनमन सांगतात. प्रत्यक्षात उलट आहे : पातळ थाळी थोडीशीच डगमगत असेल, तर एका फेरीत ती सुमारे दोनदा डगमगते. नोबेल विजेत्याचे विधान तपासायला एक बसकी ताटली, तिच्या कडेला रंगाचा ठिपका आणि मोबाइलवरील संथ गतीचे चित्रण पुरे. मैदानावर एक तास हा प्रयोग करावा. एका तासिकेची जोखीम तर आपण शिक्षक नक्कीच घेऊ शकतो. शाळा सुटल्यावरही ताटली फेकत कोण थांबते, ते पाहावे आणि मगच आवडीविषयी सल्ला द्यावा.