चमत्कार वजा केल्यावर

औंढा नागनाथाचे देऊळ पांडवांनी वनवासात बांधले, याविषयी पुसेगावच्या आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. शिल्पशैलीवरून अभ्यासक ते यादवकाळातले मानतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : दंतकथेतून चमत्कार वजा केला, तर बाकी काय उरते?

मराठी वाचकापुढे याची तीन उत्तरे आहेत. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कवचकुंडले कायम राहतात, वास्तव येते ते माणसांच्या मनात. कुंती, दुर्योधन आणि कृष्ण यांच्याबरोबर तिथे शोण आणि वृषालीही बोलतात. सूताच्या घराला वाचा मिळते, हे या कादंबरीचे मोठे यश आहे. भैरप्पांची मूळ कन्नड ‘पर्व’ (१९७९) उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली. तिच्यात देव ही हिमालयातली एक जमात आहे आणि पांडवांचा जन्म नियोगातून होतो. मंत्र गेला, म्हणून पंडू-कुंतीचा निर्णय त्यांचा स्वतःचा ठरतो. त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) कादंबरी नव्हे, पण कसोटी तिथेच सापडते. खांडववनातून त्या अग्नीची भूक बाजूला काढतात. उरते ती जमिनीची भूक. निबंधाला ‘कदाचित’ म्हणून थांबता येते. कादंबरीकाराला तशी सोय नाही. त्याला कुणाला तरी जाळावे लागते आणि कुणाला तरी वाचवावे लागते.

इथेच वास्तववादाची एक चूक होऊ शकते, असे मला वाटते. महाभारतात खांडवातून निसटलेला अश्वसेन नाग पुढे कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनावर सूड उगवायला येतो. हा चमत्कारच आहे. पण जळालेल्यांची तक्रार त्याच्याच तोंडी आहे. बोलणारा नाग अशक्य म्हणून काढून टाकला आणि त्याच्या जागी माणूस उभा केला नाही, तर कथा वास्तव होत नाही, फक्त जेत्यांच्या सोयीची होते.

औंढ्याचेही तसेच आहे. पांडवांना वजा करून यादवांचे नाव लिहिले, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. दगड घडवणारा पाथरवट दोन्ही कथांत नाही. या देवळावर उद्या कुणी कादंबरी लिहिली, तर मी आधी त्यालाच शोधीन.