'एकच प्याला'मधील 'एकच'

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकासंबंधी मराठीत जो वाद होत आला, तो बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो. सुधाकराचा नाश दारूने झाला, की त्याच्या मानी स्वभावाने? नाटकास मद्यपाननिषेधाचे प्रचारनाट्य समजणारे पहिला पक्ष घेतात. त्यास शोकात्मिकेचा मान देऊ पाहणारे दुसरा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतरच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यामुळे या वादात नाटककाराचा शब्द आपणांस उपलब्ध नाही. परंतु नाटकाचे नाव उपलब्ध आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'च' हे अव्यय केवळ जोर देण्यासाठी येते, असे आपले विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात. 'एक' या शब्दाला लागल्यावर मात्र त्याचे किमान तीन अर्थ संभवतात. 'एकच पोळी वाढा' यात मर्यादा आहे: एकीहून अधिक नको. 'आम्ही एकाच गावचे' यात अभिन्नता आहे: तुमचे गाव तेच आमचे. आणि 'एकच गोंधळ उडाला' यात मर्यादेचा संपूर्ण अभाव आहे. गोंधळ इतका, की त्यापुढे दुसरे काही उरले नाही. पिणारा मनुष्य पहिल्या अर्थाने बोलतो. नाटक दुसरा अर्थ सिद्ध करते, कारण सुधाकराचा पहिला पेला आणि विष कालवलेला शेवटचा पेला हे अखेरीस वेगळे राहत नाहीत. तिसऱ्या अर्थाचा अनुभव घरच्या माणसांच्या वाट्यास येतो. व्यसनाची जी व्याख्या आज वैद्यकशास्त्र करते, तिच्यात प्रमाणावरील ताबा सुटणे हे एक प्रमुख लक्षण मानले जाते. 'एकच' म्हणणाऱ्यास 'एकच' पाळता न येणे, एवढेच त्याचे मराठी भाषांतर करता येईल.

या दृष्टीने पाहता उपरोक्त वाद पुष्कळसा मिटतो. सनद तात्पुरती रद्द झाल्याने सुधाकराचा अभिमान दुखावला जातो, आणि तळीराम पेला पुढे करतो तो त्या वेदनेवरील उतारा म्हणून. 'दारू' हा फारसी शब्द मुळात औषधवाचकच आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. मानी स्वभाव हे पहिल्या पेल्याचे कारण झाले. दहाव्या पेल्याचे कारण मात्र नववा पेला होय. स्वभाव आणि दारू यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती समीक्षकांनी आपणांवर विनाकारण लादून घेतली आहे.

तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाविषयी मात्र मतभेदास वाव आहे. सभा, नियम, ठराव, भाषणे असा सुधारकी संस्थांचा सगळा थाट तेथे आहे. मवाळ व जहाल, शास्त्री व खुदाबक्ष तेथे एका बैठकीवर येतात. पिणाऱ्यास केवळ दारू पुरत नाही. त्याला सोबत हवी असते आणि तत्त्वज्ञानही हवे असते, हे गडकऱ्यांनी अचूक हेरले. पण हा विनोद इतका चोख उतरला, की प्रेक्षक तळीरामाला हसत हसत घरी घेऊन गेले. त्याची पत्नी गीता हिचे हाल मात्र नाट्यगृहातच राहिले. मराठी रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटांत दारुडा हे जे हुकमी विनोदी पात्र होऊन बसले, त्याचा थोडा दोष या मंडळाकडे जातो. मरणाऱ्या तळीरामाभोवती डॉक्टर आणि वैद्य यांचा जो फार्स रंगतो, तो तर आज वाचताना खटकतो.

याच्या उलट, ज्या भागाकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले, तो सुधाकराने दारू सोडण्याचा निश्चय केल्यानंतरचा आहे. तो कामासाठी दारोदार जातो आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला कालचा दारुडा म्हणून परतवून लावतात. लांबलचक स्वगतांपेक्षा हा प्रसंग मोलाचा आहे, कारण समाजावर व्यसनाचा परिणाम होतो तसा व्यसनावरही समाजाचा होतो, हे त्यात प्रत्यक्ष दिसते. गडकऱ्यांची उणीव आहे ती दुसरीकडे. दारू सोडणे ही त्यांना केवळ मनोनिग्रहाची बाब वाटते. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास कंप, भ्रम, प्रसंगी जिवास धोकाही संभवतो, याची जाणीव नाटकात नाही. त्या काळी ती सर्वसामान्य नव्हती, म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आज हे नाटक शिकविताना ही गोष्ट न सांगणे मात्र दोषास्पद ठरेल.

शब्दांचा पुढील प्रवासही बोलका आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने 'दारूबंदी' हा समास घरोघरी नेला. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झाले, त्या सुमारापासून 'व्यसनमुक्ती' रूढ होत गेला. पहिल्यात बंदी वस्तूवर आहे, दुसऱ्यात मुक्ती माणसाची आहे. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकट असाही अर्थ होतो. तो मराठीत मावळला असला तरी या नव्या समासात किंचित जागा झाल्यासारखा वाटतो. 'एकच प्याला' मात्र या दोहोंच्या आधीचे आहे. त्याच्यापाशी सुधाकरासाठी यांपैकी एकही शब्द नाही.

आता सिंधू. तिला आदर्श पतिव्रता म्हणून गौरविण्याची आणि अलीकडे त्याच कारणास्तव नाकारण्याची, अशा दोन्ही रीती रूढ आहेत. दोहोंतही तिचे बोलणे ऐकले जात नाही. दळण दळून ती घर चालविते. नवऱ्याच्या हातून मूल मरते, ती स्वतः मरणोन्मुख होते. आणि फौजदार चौकशीस येतो तेव्हा ती आपणच पडल्याचे सांगते. पाडणारा वाक्यातून वगळता येतो, ही 'पडले' या अकर्मक क्रियापदाची सोय आहे. 'लागले', 'सांडले', 'फुटले' ही क्रियापदे याच कामी येतात, आणि दारूने ग्रासलेल्या घरात शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, शाळेतील मास्तरांना उत्तरे द्यावयाची ती त्यांच्याच साहाय्याने. सिंधूच्या जबानीस त्याग म्हणावयाचे की नाही हा नीतिशास्त्राचा प्रश्न झाला. भाषेच्या अभ्यासकाने एवढे नोंदवावे, की नाटकभर दारूवर जी अलंकारिक गद्याची धो धो वृष्टी होते, तिच्यात या साध्या क्रियापदाइतके खरे फारच थोडे आहे, आणि ते बोलणारी बाई खोटे बोलत आहे.