पेल एल चाखताना: एका शेऱ्याची दुरुस्ती

मागच्या वर्षी याच व्याख्यानमालेत आम्ही एका बिअरला पाचापैकी तीन गुण दिले होते आणि वर 'साधी आहे' असा शेरा मारला होता. आज तो शेरा मागे घ्यायचा आहे. बिअर तीच, सिएरा नेवाडा पेल एल. इथून, म्हणजे बे एरियातून, गाडीने तीनेक तासांवर असलेल्या चिको गावची.

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर एका काकांनी विचारलं, "तुम्ही बिअर तपासलीत, की तुमची दमलेली जीभ?" आम्ही हसण्यावारी नेलं. घरी येऊन टिपणवही उघडली, तर काकांचंच खरं. ही बाटली आम्ही चौथी उघडली होती. आधी तीन गढूळ, जहाल आयपीए झाल्या होत्या. शिवाय ती थेट फ्रीजमधून काढलेली. ठेचा खाऊन झाल्यावर वरण-भाताला फिका म्हणावं, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून या खेपेला सुरुवातच हिने केली. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवली, कारण फार गार बिअरचा वास दबून राहतो. तळाशी यीस्टचा थर असतो. हिच्यातला फसफसाट बाटलीत पुन्हा आंबवूनच येतो. म्हणून हळू ओतली. रंग गडद मधाचा, फेस दाट आणि टिकाऊ.

मग वास. पपनस सोलताना सालीतून जो तुषार उडतो, तो आठवा. त्यामागे थोडी पाइनची राळ. हे काम कॅस्केड या हॉप्सचं. ऑरेगनमध्ये तयार झालेली ही जात 1972 साली शेतकऱ्यांच्या हाती आली. केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी यांनी 1980 मध्ये बिअर करायला घेतली, तेव्हा अमेरिकेत फिकट लागरचं राज्य होतं. दुग्धालयाची जुनी भांडी जोडून उभारलेल्या त्या कारखान्यात पेल एलचे सुरुवातीचे कितीतरी घाणे, चव एकसारखी येईना म्हणून, चक्क ओतून दिले गेले. आज आपल्याला ओळखीचा वाटणारा हा वास तेव्हा बहुतेकांना नवा होता.

आणि चव? कडूपणाचा आकडा 38, अल्कोहोल 5.6 टक्के. आकड्यांवरून फार काही कळत नाही. आपल्याकडचा मेथीचा लाडू घ्या. नुसती मेथी कोणी खात नाही, आणि नुसत्या गुळाला लाडू म्हणत नाहीत. इथे कॅरॅमल माल्टचा खरपूस गोडवा आधी येतो, कडूपणा मागून येऊन तो पुसतो, आणि तोंड कोरडं होऊन दुसरा घोट मागतं. मागच्या वर्षी आम्ही ज्याला 'साधी' म्हणालो, तो हा तोल होता.

दोष नाहीत असं नाही. हॉप्सचा वास अल्पायुषी. बाटली दुकानात उबेला पडून राहिली, तर पपनस जातं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. तेव्हा घेताना तारीख बघाच. आणि फळांच्या रसासारखी बिअर हवी असेल, तर ही तुमची नव्हे. पण ती तसं आश्वासनही देत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की एखादी वस्तू जे करायला निघाली आहे, ते तिला साधलं का, हे आधी बघावं. शेजारच्या बाटलीपेक्षा ती किती मोठ्याने बोलते, हा प्रश्न नंतरचा. आमचं ऐकून कोणी मागच्या वर्षी ही बाटली परत फळीवर ठेवली असेल, तर ती चूक आमची. या वेळी गुण देत नाही. एवढंच सांगतो, की तपासणीसाठी अर्धा ग्लास पुरला असता. आम्ही बाटली संपवली.

काका आज आले असतील, तर त्यांचे आभार.