त्रिवक्रेचा कणा : कुब्जेची कथा आणि मज्जातंतूंच्या गाठींशी निगडित कणावक्रतेची शस्त्रचिकित्सा

प्रस्तावना :

पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांची काव्यसाधना प्रामुख्याने बारामतीत घडली. भागवताच्या दशमस्कंधावर आधारलेले 'कृष्णविजय' आणि परंपरेने एकशे आठ मानली जाणारी रामायणे ही त्यांची निर्मिती होय. भागवत आणि रामायण या दोन कथाप्रवाहांनी मराठी मनाला वाकलेल्या पाठीच्या दोन स्त्रिया दिल्या : कुब्जा आणि मंथरा. पुराण, कीर्तन व प्रवचन यांतून त्या बारामती-इंदापूर परिसरातील घराघरांत पोहोचल्या. या दोन प्रतिमांनी वाकलेल्या कण्याकडे पाहण्याची कोणती दृष्टी घडवली आणि आजच्या शस्त्रचिकित्सेच्या संदर्भात ती कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक मर्यादा प्रारंभीच नोंदवणे इष्ट ठरेल. पुराणातील पात्राला आधुनिक रोगाचे नाव देणे हा या लेखाचा हेतू नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील जोसेफ मेरिक, म्हणजेच 'एलिफंट मॅन', याचा आजार दीर्घकाळ न्यूरोफायब्रोमॅटोसिस समजला गेला. १९८६ साली तो प्रोटिअस सिंड्रोम असावा असे मत पुढे आले व ते मान्यता पावले. तोवर त्या चुकीच्या नावाने असंख्य रुग्णांना विनाकारण भयभीत केले होते.

कुब्जा आणि मंथरा :

वाल्मीकिरामायणात कैकेयी मंथरेच्या कुबडाची स्तुती करते. त्यात बुद्धी व माया साठलेली आहे असे ती म्हणते आणि त्यावर सोन्याची माळ घालण्याचे आश्वासन देते. येथे कुबड हे कारस्थानाचे कोठार ठरते. शरीराचा बाक आणि मनाचा बाक एकच, हे समीकरण या प्रसंगाने रूढ केले.

भागवतातील कुब्जा मंथरेहून वेगळी आहे. ती कंसाची दासी. उटी तयार करण्यात निष्णात. ती स्वतःचे नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली, असे सांगते. कृष्ण तिच्या पावलांवर आपले पाऊल ठेवतो, दोन बोटांनी हनुवटी उचलतो आणि ती सरळ होते. हा प्रसंग करुणेचा आहे यात शंका नाही. तथापि त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, सरळ होणे म्हणजे सुंदर होणे. दुसरी, ते क्षणात घडते. कुब्जेचा बाक केव्हा सुरू झाला, कसा वाढला, तिला श्वास घेताना त्रास होत होता काय, हे कथा विचारत नाही. थोडक्यात, मंथरेच्या बाकाला दोष आहे, कुब्जेच्या बाकाला कृपा आहे. परंतु काळ दोघींच्याही बाकाला नाही.

व्याधी आणि शस्त्रक्रिया :

वैद्यकाच्या दृष्टीने या व्याधीत काळ हाच सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे सविस्तर वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये केले. त्याच्या पहिल्या प्रकाराचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित होऊन १९९० मध्ये ते ओळखले गेले. सुमारे तीन हजार जन्मांमागे एकास हा विकार आढळतो आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत तो नसतो. अंगावर फिकट कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेतील ठिपके आणि मज्जातंतूंवरील गाठी ही त्याची लक्षणे. ग्रहणाचा दोष वा पूर्वकर्म यांचा त्याच्याशी संबंध नाही.

यांतील काही मुलांचा कणा वाकतो. त्याचे दोन प्रकार मानतात. पहिला सामान्य कणावक्रतेसारखा सावकाश वाढतो. दुसऱ्यास डिस्ट्रॉफिक म्हणतात. त्यात थोड्याच मणक्यांत तीव्र कोन पडतो, मणके कोरल्यासारखे झिजतात, बरगड्या पेन्सिलीसारख्या बारीक होतात आणि बाक झपाट्याने वाढतो. ब्रेसचा त्यास उपयोग होत नाही. म्हणूनच अशा बाकावर कोन लहान असतानाच शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय अनिवार्य असतो. कण्याच्या पोकळीत गाठ आहे काय, मज्जारज्जूचे आवरण फुगले आहे काय, एखाद्या बरगडीचे टोक आत शिरले आहे काय, हे न पाहता कणा ताणल्यास पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका संभवतो. १९६२ साली हॅरिंग्टन यांनी आपल्या सळीची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर मणक्यांत बसवायचे स्क्रू आले. आज स्क्रू व सळ्यांनी कणा धरून मणके हाडाच्या कलमाने सांधतात. तीव्र बाकात मागून व पुढून अशा दोन्ही बाजूंनी सांधणे आवश्यक ठरू शकते. लहान मुलांत वाढीबरोबर लांबवता येणाऱ्या सळ्या वापरतात. हाड मुळात कमकुवत असल्याने सांधा न जुळणे, सळी तुटणे, सांधल्यानंतरही बाक वाढणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे संभवते.

येथे कुब्जेच्या कथेशी असलेला भेद स्पष्ट होतो. शल्यविशारद पूर्ण सरळपणाचे वचन देत नाही. वाढ थांबवणे, फुप्फुसांना जागा राखणे आणि मज्जारज्जू वाचवणे ही त्याची उद्दिष्टे होत. सौंदर्य हा आनुषंगिक लाभ आहे.

इंदिरा संतांची कुब्जा :

या संदर्भात इंदिरा संत यांची 'कुब्जा' ही कविता महत्त्वाची ठरते. राधा व गोकुळ झोपेत असताना कुब्जा एकटी यमुनेवर मुरलीचा सूर ऐकते. कवयित्री तिला सरळ करत नाही. तिला स्वतःची पहाट देते. पुराणकथेत न मिळालेला काळ कुब्जेला येथे प्राप्त होतो. बाक असलेली व्यक्ती प्रथम व्यक्ती म्हणून पाहण्याची ही दृष्टी आहे.

निष्कर्ष :

कथेचे परिणाम वर्गाबाहेरही होतात. बाकाला दोष मानणारे घर मुलीची पाठ ओढणीखाली झाकते. कृपेची वाट पाहणारे घर 'वयात आल्यावर होईल सरळ' म्हणते. डिस्ट्रॉफिक बाकात हे झाकणे व थांबणे दोन्ही घातक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यात शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. मात्र तीस विकारांच्या मूळ यादीत कणावक्रता स्वतंत्रपणे नाही. २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे संशय आल्यास पहिल्या तपासणीसाठी कोठे जावे हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. प्रश्न संशय येण्याचा आहे.

विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेली चाचणी कोणत्याही शिक्षकास करता येते. मुलाने गुडघे ताठ ठेवून कमरेतून पुढे वाकावे. मागून पाहता पाठीची एक बाजू उंच दिसल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. अंगावर कॉफीच्या रंगाचे डागही असल्यास विलंब करू नये. बारामती आणि इंदापूर येथील महाविद्यालयांतून शिकलेले अनेक विद्यार्थी पुढे याच तालुक्यांतील शाळांत शिक्षक होतात. कुब्जा व मंथरा शिकवताना अलंकार आणि रस यांच्या जोडीने 'हा बाक केव्हा सुरू झाला असेल?' हा प्रश्न आपण वर्गात विचारला, तर तो प्रश्न त्यांच्यासोबत शाळेपर्यंत जाईल. साहित्याच्या अध्यापनाने एवढे साधले तरी ते थोडे नव्हे.