सागरी हद्द वाढवून तेल अडेल का?

‘देशाची सागरी हद्द वाढवा, म्हणजे समुद्राचे प्रदूषण आटोक्यात येईल’ हा युक्तिवाद पर्यावरणाच्या चर्चेत वारंवार भेटतो. तो ऐकायला सोपा आहे. पण पुरेसा नाही, असे आम्हांला वाटते.

या मागणीला जोर आला तो ‘टोरी कॅनियन’ या टँकरमुळे. लायबेरियाचा झेंडा लावलेले हे जहाज मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. त्यात एक लाख टनांहून अधिक खनिज तेल होते. ब्रिटनची हद्द तेव्हा ३ सागरी मैल होती आणि अपघात झाला तो तिच्याबाहेर. परक्या जहाजावर कारवाई करावी कोणत्या अधिकाराने, हा पेच पडला.

कॅनडाने १९७० मध्ये दोन पावले उचलली. एक, हद्द ३ वरून १२ सागरी मैलांवर नेली. दुसरे, आर्क्टिकमध्ये १०० मैलांपर्यंत प्रदूषण रोखण्याचा कायदा केला. दुसऱ्या कायद्यात पाण्यावर मालकी सांगितलेली नव्हती. जहाजांच्या बांधणीवर व सामग्रीवर अटी घालण्याचा अधिकार तेवढा घेतला होता. आमच्या मते खरे महत्त्व याच पावलाचे आहे. कारण १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार १२ मैलांच्या आतही परकी जहाजे निरुपद्रवीपणे ये-जा करू शकतात, आणि त्यांच्या बांधणीबाबत किनारी देशाला स्वतःचे वेगळे नियम लादता येत नाहीत. बर्फाच्छादित समुद्रासाठी मात्र करारात अपवाद आहे.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी १९७० मध्ये ‘ॲरो’ हा टँकर नोव्हा स्कॉशियाच्या चेडाबक्टो उपसागरात खडकावर चढला. तो कॅनडाच्याच बंदराकडे निघाला होता; म्हणजे बंदरात शिरण्याच्या अटी कॅनडाच्या हातात होत्या. चौकशीत आढळले की, रडार बंद पडले होते आणि खोली मोजणारे यंत्र बरेच दिवस नादुरुस्त होते. येथे हद्द कमी पडली नाही, तपासणी कमी पडली.

मग अंतराचा उपयोग काय? तेलाचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो. किनाऱ्याकडे ताशी ४० किलोमीटर वेगाने वारा असेल, तर तवंग ताशी १.२ किलोमीटर सरकेल. १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर; हे अंतर तो १८ तासांत तोडेल. २०० मैलांना सुमारे १३ दिवस लागतील. प्रवाहांचा परिणाम यात धरलेला नाही. म्हणजे अंतर आपल्याला वेळ देते, संरक्षण नव्हे. त्या वेळात तेल अडवण्याचे तरंगते बांध, बोटी आणि प्रशिक्षित माणसे पोहोचली नाहीत, तर नकाशावरची रेषा व्यर्थ.

भारताची १२ मैलांची हद्द १९६७ पासून आहे. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ त्या हद्दीबाहेर बुडाले. त्याचे कंटेनर आणि प्लॅस्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्याला लागलेच. याही जहाजावर झेंडा लायबेरियाचाच होता.

शिक्षकांनी वरचे गणित वर्गात वाऱ्याचा वेग बदलून करून घ्यावे. आणि विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा: नद्यांतून समुद्रात जाणारे शहरांचे सांडपाणी कोणत्या हद्दीने अडेल?