स्वच्छ विनोद कुणाला म्हणायचं? स्क्रूटेपची पत्रं आणि एक विडंबनगीत

आज एक ख्रिस्ती पुस्तक आणि एक विनोदी गाणं अशी जरा विचित्र जोडी घेऊन बोलणार आहे. दोन्ही मला मनापासून आवडतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे खोट काढली तर गैरसमज नको.

आपल्याकडे विनोद ‘स्वच्छ’ कधी म्हणतात? शिवी नाही, अश्लील काही नाही, झालं. मग तो रविवारशाळेत चालतो, घरात आजीसमोर चालतो. मीही बरीच वर्षं हीच चाळणी वापरली. मग एका युवक मेळाव्यात एका मुलानं दुसऱ्या मुलाच्या बोलीची नक्कल करत गाणं म्हटलं. त्यात एकही वावगा शब्द नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. ज्याची नक्कल झाली तो मुलगा पुढच्या मेळाव्याला आला नाही. तेव्हापासून ती चाळणी मला पुरेनाशी झाली.

आता पुस्तकाकडे येऊ. सी. एस. लुईस यांचं ‘द स्क्रूटेप लेटर्स’. १९४१ साली ही पत्रं इंग्लंडमधल्या एका चर्च-साप्ताहिकात क्रमानं आली, १९४२ मध्ये पुस्तक झालं. एकंदर एकतीस पत्रं. स्क्रूटेप नावाचा अनुभवी सैतान वर्मवुड या नवशिक्या सैतानाला माणूस बिघडवायचं तंत्र शिकवतो. नातं इंग्रजीतल्या ‘अंकल’चं, म्हणजे काका की मामा ते कळत नाही. मी मामाच म्हणतो. आपल्याला शकुनी आणि कंस दोघेही ओळखीचे आहेत!

लुईसनी स्वतः एक किस्सा सांगितलाय. एका खेड्यातल्या धर्मगुरूनं साप्ताहिकाची वर्गणी बंद केली, का तर या पत्रांतला बराचसा सल्ला त्याला चुकीचाच नव्हे, चक्क सैतानी वाटला. म्हणजे उपरोध कळला नाही तर काय होतं, तेही या पुस्तकानं दाखवलं.

यातलं अकरावं पत्र हसण्याबद्दल आहे. स्क्रूटेप हसण्याची चार कारणं सांगतो: आनंद, मौज, खरा विनोद आणि उथळ टवाळी. जिवलग माणसं बऱ्याच दिवसांनी भेटली की जे हसू येतं ते आनंदाचं. सैतानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मौजही फारशी कामाची नाही. विनोद मात्र उपयोगी पडतो, कारण लाज झाकायला तो बरा. क्रूरपणा केला तर लोक नावं ठेवतात. तोच ‘गंमत केली हो’ म्हणून खपवला की चालून जातो. आणि सगळ्यांत कामाची टवाळी. तिथे विनोद करायचीही गरज नसते. चांगुलपणाचं नाव निघालं की तो हास्यास्पदच आहे असं धरून चालायचं, बस.

बघा, या वर्गवारीत अश्लीलतेला मुख्य जागा नाही. लुईसना वाटणारा धोका शब्दांत नाही, हसणाऱ्याच्या मनात आहे. मला हे पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

हीच कसोटी घेऊन गाण्याकडे येऊ. ‘वीअर्ड अल’ यँकोविक हा अमेरिकन विडंबनकार. अकॉर्डियन वाजवतो, गाजलेल्या चालींवर आपले शब्द बसवतो, आणि घरात बिनधास्त लावता येईल असं लिहितो. १९९६ मध्ये त्यानं कूलिओच्या ‘गँगस्टाज पॅरडाइज’चं ‘आमिश पॅरडाइज’ केलं. गुंडगिरीच्या जगाच्या जागी आमिश शेतकऱ्याचं जग आलं. आमिश म्हणजे साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ: घोडागाडी वापरणारा, घरात सार्वजनिक वीज न घेणारा. त्यांच्या प्रार्थनेत वाद्यं नसतात. त्यांच्या जुन्या स्तोत्रसंग्रहाचा गाभा सोळाव्या शतकात श्रद्धेपायी तुरुंगात पडलेल्या लोकांनी रचला.

गाणं स्वच्छ आहे का? शब्दांनी, शंभर टक्के. पण ज्यांच्यावर हसायचं, त्यांच्या घरात रेडिओ-टीव्हीही नाही. ते उत्तर कुठून देणार? त्यांना वीज नाही, फोन नाही, एवढ्यावरच जिथे हशा मिळवलाय, त्या जागा मला सपक वाटतात. मेळाव्यातल्या नकलेच्या त्या फार जवळ जातात.

मात्र गाण्याचा गाभा वेगळा आहे. यातला शेतकरी रॅपरच्या ऐटीत स्वतःच्या नम्रतेची फुशारकी मारतो! इथे फटका कुठल्या एका पंथाला बसत नाही, धार्मिक अहंकाराला बसतो. आणि गंमत म्हणजे स्क्रूटेपनं चौदाव्या पत्रात हाच डाव शिकवलाय: माणूस नम्र झाला की ते त्याच्या लक्षात आणून दे, मग तो नम्रतेचाच गर्व करील. ऑक्सफर्डचा प्राध्यापक आणि अकॉर्डियनवाला, दोघांनी एकच रोग ओळखला.

आणखी एक गोष्ट. कायद्यानं सक्ती नसतानाही यँकोविक मूळ कलावंताची परवानगी मागतो. याच गाण्यात घोटाळा झाला: परवानगी मिळाली असं त्याला कळलं होतं, कूलिओ म्हणाला मी दिलीच नाही. यँकोविकनं माफी मागितली, पुढे दोघांचं जमलंही. विनोदाआधी समोरच्याला विचारणं, हासुद्धा मी स्वच्छतेचाच भाग मानतो.

आपल्या मराठीत याचा उत्तम नमुना आहेच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. नंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं सोडायला त्यांना वेळ लागला. ती सगळी ओढाताण त्या सांगतात आणि हसतात, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसतात, त्याहून जास्त स्वतःला. त्या हसण्यानं कुणी लहान होत नाही.

तेव्हा माझी नवी चाळणी अशी: शब्द तपासाच, पण त्याबरोबर विचारा, ज्याच्यावर आपण हसतोय तो इथे बसला असता तर आपल्याबरोबर हसला असता का? त्या मुलाच्या बाबतीत मी हे विचारलं नाही. तुम्ही विचारा.