आवृत्तिभेद आणि नामभेद

ग्रंथाची नवी आवृत्ती परीक्षणास आली म्हणजे ती मागील आवृत्तीशी ताडून पाहण्याचा प्रघात आहे. संगणकप्रणालींच्या आवृत्त्यांना मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. वस्तुतः तेथे तिची निकड अधिक आहे. कारण तेथील पाठभेद न कळल्यास केवळ अर्थ बिघडत नाही, काम थांबते.

सिट्रिक्स या अमेरिकन कंपनीची प्रणाली या दृष्टीने उद्बोधक आहे. कार्यालयातील प्रोग्राम मध्यवर्ती सर्व्हरवर चालवावयाचे व दूरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर त्यांचे केवळ चित्र उमटवावयाचे, हे तिचे कार्य. हे कार्य कायम असता नाव मात्र विनफ्रेम (१९९५), मेटाफ्रेम (१९९८), प्रेझेंटेशन सर्व्हर (२००५), झेनॅप (२००८) व व्हर्च्युअल ॲप्स (२०१८) असे बदलत गेले. नावागणिक वस्तूही बदलली, असे मानणे मात्र चुकीचे होईल. अंतर्रचनेतील मोठे स्थित्यंतर झाले ते २०१४ साली, ६.५ नंतरच्या ७.५ या आवृत्तीत; आणि त्या वेळी झेनॅप हे नाव तसेच राहिले!

परिभाषेतही हाच विसंवाद आढळतो. सर्व्हरांच्या समूहास पूर्वी ‘फार्म’ म्हणत, त्याचे ‘साइट’ झाले. ही केवळ शब्दाची अदलाबदल नव्हे, तरी जाणत्यास ती लवकर उमगते. नवा शब्द वाचकाला निदान सावध करतो. ‘लोकल होस्ट कॅश’ या संज्ञेची गोष्ट निराळी. मध्यवर्ती माहितीसाठ्याशी संपर्क तुटल्यास उपयोगी पडणारी ही नक्कल. ६.५ मध्ये ती समूहातील सर्व्हरांजवळच असे. ७.५ मध्ये ती लोपली आणि २०१६ साली ७.१२ मध्ये त्याच नावाने परतली. परंतु आता ती प्रोग्राम चालविणाऱ्या सर्व्हरांजवळ नसून नियंत्रक सर्व्हरांजवळ असते. जुना अर्थ मनात धरून नवी पुस्तिका वाचणारा येथे निःशंकपणे चुकतो. शब्द तोच, अर्थ दुसरा, हा भेद सर्वांत घातक होय.

नामकरणाची शिस्त कशी असावी, हे पाहावयास भुसावळजवळील दीपनगर पुरेसे आहे. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन तेथील औष्णिक केंद्र महानिर्मितीकडे आले. मालकाचे नाव बदलले. संचांचे क्रमांक मात्र अढळ राहिले. पहिला संच कायमचा बंद झाला, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास दिला गेला नाही. ५०० मेगावॉटचे नवे संच चौथे व पाचवे ठरले, ६६० मेगावॉटचा सहावा. त्यामुळे जुनी नोंदवही उघडणाऱ्यास कोणता संच अभिप्रेत आहे, याविषयी संदेह राहत नाही.

प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीसोबत नव्या सोयींची यादी दिली जाते, ती आवश्यकच आहे. तिच्याबरोबर ज्यांचे शब्द टिकले पण अर्थ पालटले, अशा संज्ञांचीही यादी दिली जावी. ती नसेल तर आवृत्ती सुधारली असे म्हणता येईल, वाचकाची सोय झाली असे म्हणता येणार नाही.